भिंतीवरची काळी बुरशी आणि मुलाचा न थांबणारा खोकला

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा चार वर्षांचा. तीन-चार महिन्यांपासून रात्रीचा खोकला, अधूनमधून सर्दी. दोनदा अँटिबायोटिक देऊन झालं, फरक तेवढ्यापुरताच. खोलीला कोंदट वास आधीपासून होता, पण परवा कपाट सरकवलं तेव्हा मागच्या भिंतीवर काळे डाग दिसले. घरातल्या कुणीतरी सांगितलं की ही विषारी काळी बुरशी असते आणि ती फुप्फुसात घर करते. आता त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: कुठली बुरशी आहे हे कळण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा का, मुलाची बुरशीसाठी रक्ततपासणी करायची का, आणि घर सोडायचं का.

लहान मुलांचा दमा आणि ॲलर्जी हेच माझं रोजचं काम आहे, आणि या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. म्हणजे काळजीचं कारण नाही असं मात्र नव्हे. इथे दोन कामं एकमेकांत गुंतली आहेत. मुलाला नेमकं काय झालंय हे ठरवणं हे एक, आणि भिंतीत पाणी कुठून येतंय हे शोधणं हे दुसरं. दोन्ही याच आठवड्यात सुरू करा, पण एकासाठी दुसरं अडवून ठेवू नका. पालक इथेच अडकतात. काही जण भिंत दुरुस्त होईपर्यंत मुलाला दाखवतच नाहीत, कारण ‘कारण तर सापडलंय’. काही जण औषधं बदलत राहतात आणि त्याच ओल्या भिंतीला लागून मुलाचा पलंग महिनोन्महिने तसाच राहतो.

आधी मुलाचं बघू. चार आठवड्यांच्या पुढे गेलेला खोकला आम्ही जुनाट धरतो आणि त्यामागे बुरशीखेरीज बरीच कारणं असू शकतात. शाळेत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या धडधाकट मुलालाही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते. एक खोकला ओसरेपर्यंत दुसरा सुरू होतो आणि घरच्यांना तो सलग वाटतो. म्हणून मी सगळ्यात आधी विचारते, मधे सलग आठ-दहा दिवस अगदी स्वच्छ गेले का? गेले असतील, तर हा एकामागून एक येणाऱ्या सर्दीचा खेळ असण्याची शक्यता बरीच. गेले नसतील, तर पुढे चौकशी. खोकला कोरडा आहे की कफाचा? पळाल्यावर, जोरात हसल्यावर, पहाटे वाढतो का? श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो का? अंगावर इसब होतं का, आईवडिलांपैकी कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का? या उत्तरांचा कल होकाराकडे असेल तर दम्याचा विचार पुढे येतो.

कफाचा खोकला चार आठवडे अजिबात हटला नसेल तर श्वासनलिकांत रेंगाळलेला जिवाणूसंसर्ग असू शकतो, आणि त्याला अँटिबायोटिक नेहमीपेक्षा जास्त दिवस द्यावं लागतं. तीन दिवसांनी बरं वाटलं म्हणून बाटली बाजूला ठेवली तर तो हमखास उलटतो. तुमच्या मुलाला ‘तेवढ्यापुरता फरक’ पडला असं तुम्ही लिहिलंय, तर ते औषध किती दिवस दिलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, तर नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी बघायच्या. खाता-खेळताना ठसका लागून खोकला अचानक सुरू झाला असेल तर श्वासनलिकेत काही अडकलंय का हे आधी पाहायचं, बाकी सगळं नंतर. वजन घटतंय, ताप रेंगाळतोय, घरात कुणाला क्षयरोग झालाय, अशा वेळी दिशा पूर्ण बदलते. सांगायचा मुद्दा, भिंतीवर डाग दिसले म्हणजे खोकल्याचं कारण मिळालं असं होत नाही.

एक सोपी गोष्ट करा. खोकला दवाखान्यात कधी वेळेवर हजर नसतो. रात्री उबळ येईल तेव्हा अंगातला सदरा वर करून छाती आणि पोट दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ काढा. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते का, आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे त्यात दिसतं आणि ऐकू येतं. माझे कित्येक निर्णय अशा व्हिडिओवर झाले आहेत.

आणि काही लक्षणांत अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त भरले, तर श्वास वेगाने चाललाय. छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, दूध-पाणी न जाणं, बोलताना वाक्य तुटणं, मूल सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय गाठा.

आता बुरशीकडे येऊ. ओलसर, बुरशी लागलेल्या घराचा मुलांच्या छातीशी संबंध आहे का? आहे, आणि तो पुरेसा तपासला गेलेला आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2004 मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासला. ओलसर घरं एका बाजूला आणि नाक-घशाचा त्रास, खोकला, छातीतली शिट्टी, आधीपासून दमा असलेल्यांचा त्रास वाढणं दुसऱ्या बाजूला, यांचा संबंध मानायला पुरावा पुरेसा आहे असं त्यांनी म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा सूरही तोच. 2007 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यात ओल-बुरशीच्या घरांत श्वसनाच्या आणि दम्याच्या तक्रारी साधारण 30 ते 50 टक्क्यांनी जास्त आढळल्या.

हा आकडा ऐकून पालक दचकतात, म्हणून तो उलगडून सांगते. समजा कोरड्या घरांतल्या शंभर मुलांपैकी दहा जणांना एखादा त्रास होतो. मग ओलसर घरांतल्या शंभरांत तो तेरा ते पंधरा जणांना होईल. म्हणजे बहुतेक मुलांना ओलसर घरातही तो होणार नाही, आणि ज्यांना होईल त्यातल्या बऱ्याच जणांना कोरड्या घरातही झाला असता. एका मुलाच्या बाबतीत ‘भिंतीमुळेच झालं’ असं मी छातीठोकपणे कधीच सांगू शकत नाही. पण ओल काढण्याने मुलांचं नुकसान होत नाही, फायदा होण्याची शक्यता चांगली असते, त्यामुळे ते सिद्ध होण्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये दमा असलेल्या मुलांच्या घरांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. काही घरांत पाण्याचा उगम शोधून दुरुस्ती केली, बाकीच्यांना नुसती माहिती आणि सल्ला दिला. दुरुस्ती झालेल्या घरांतल्या मुलांवर दम्याच्या झटक्यासाठी तातडीने दवाखान्यात धाव घ्यायची वेळ कमी आली. दुरुस्ती हेही औषध आहे असं मी पालकांना सांगते ते या आधारावर.

बुरशी नेमकं करते काय? काही मुलांच्या शरीराला तिच्या बीजाणूंची (हवेतून पसरणाऱ्या तिच्या सूक्ष्म बियांची) ॲलर्जी असते. ती सगळ्यांना नसते, आणि एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकालाच त्रास होतो तो अनेकदा यामुळे. दुसरं, ॲलर्जी नसतानाही बीजाणूंचे आणि धाग्यांचे बारीक तुकडे श्वासनलिकेच्या अस्तराला चुरचुरवतात. आणि तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: जिथे ओल, तिथे बुरशी एकटी नसते. गादीतले धूळकिडे दमट हवेत फोफावतात, जिवाणू वाढतात, ओला रंग आणि प्लायवूड यांतून वायू सुटतात. मुलाला त्रास देणारं यातलं नेमकं कोण हे सुटं करता येत नाही. पण या सगळ्यांना जगवणारं पाणी एकच असतं.

मुलांना हे मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतं याचं कारण सरळ आहे. वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा बरीच जास्त हवा आत घेतं. श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे जी सूज तुम्हाला जाणवणारही नाही ती त्याची वाट अडवते. फुप्फुसांची वाढ जन्मानंतरही काही वर्षं चालू असते. आणि लहान मूल दिवसाचा मोठा भाग घरात, तोही जमिनीजवळ काढतं.

मग काळ्या बुरशीचं काय? भीतीचा उगम ठाऊक असला की ती जरा आवाक्यात येते. 1993-94 मध्ये त्याच क्लीव्हलँडमध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत पाणी शिरलेलं होतं आणि स्टॅकिबोट्रिस नावाची काळपट बुरशी सापडली. संबंध जोडला गेला, बातम्या झाल्या, आणि ‘विषारी काळी बुरशी’ हा शब्द जगभर पोचला. पुढे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ती सगळी माहिती पुन्हा तपासली आणि बुरशीमुळे रक्तस्राव झाला हे त्यातून सिद्ध होत नाही, असं 2000 मध्ये जाहीर केलं. हे दुसरं वाक्य मात्र तितकं पोचलं नाही. शिवाय रंगावरून जात कळत नाही. घराच्या भिंतीवर सर्रास दिसणारी क्लॅडोस्पोरियम काळीच दिसते, अल्टर्नेरिया काळपट, ॲस्परजिलसची एक जातही काळी. स्टॅकिबोट्रिसला बराच काळ चिंब राहिलेला कागद, पुठ्ठा किंवा जिप्समचे बोर्ड लागतात, आणि तिचे बीजाणू चिकट असल्यामुळे ओले असताना सहज उडत नाहीत. उलट जिला कुणी विषारी म्हणत नाही ती अल्टर्नेरिया दम्याच्या मुलांसाठी जास्त डोकेदुखीची ठरू शकते.

म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवू नका असं मी म्हणते. अहवालात चार लॅटिन नावं आणि काही आकडे येतील. त्यातला किती आकडा सुरक्षित, याची आरोग्याच्या दृष्टीने ठरलेली मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती दिलेली नाही. बीजाणू बाहेरच्या हवेतही असतात, प्रत्येक घरात असतात. आणि अहवालात काहीही आलं तरी करायचं काम तेच राहतं: पाणी थांबवा, बुरशी काढा, भिंत वाळवा. डोळ्यांना दिसतेय आणि नाकाला वास येतोय, एवढी तपासणी पुरेशी आहे. तो पैसा प्लंबरला द्या.

मुलाच्या तपासणीबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. दम्याचं निदान पक्कं झालं असेल, नियमित औषध घेऊनही तो आटोक्यात येत नसेल, किंवा ठरावीक ऋतूत, ठरावीक घरात उसळत असेल, तर त्वचेवर टोचून केली जाणारी ॲलर्जी चाचणी किंवा रक्तातली विशिष्ट आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) चाचणी उपयोगाची असते. त्वचेच्या चाचणीआधी काही दिवस सर्दीची ॲलर्जीविरोधी औषधं बंद करावी लागतात, ते आधी विचारून घ्या. चाचणी सकारात्मक आली तर त्याचा अर्थ शरीर त्या गोष्टीला ओळखतं एवढाच. त्रास त्यानेच होतो हे लक्षणांशी ताडून बघावं लागतं. पण लघवीतली ‘बुरशीची विषं’ मोजणारी पाकिटं, आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या चाचण्यांचे लांबलचक तक्ते, केसांचे नमुने, यांच्या नादी लागू नका. त्यांच्यावरून निदान होत नाही, नुसती धास्ती वाढते. आणि कुणी या खोकल्यासाठी बुरशीविरोधी गोळ्या सुचवल्या तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बुरशी भिंतीवर आहे, मुलाच्या अंगात वाढत नाहीये. ओल भिंतीला आणि गोळी मुलाला म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जाता जाता एक: बुरशीची ॲलर्जी आहे म्हणून पेनिसिलिन चालणार नाही का, असं पालक विचारतात. या दोन वेगळ्या ॲलर्जी आहेत. एक आहे म्हणून दुसरं टाळायचं कारण नाही.

वर मी ‘बहुतेक वेळा नाही’ म्हटलं, त्याला अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती खचलेली आहे (कर्करोगाची केमोथेरपी चालू आहे, अवयव किंवा मूळपेशी प्रत्यारोपण झालंय, जन्मजात प्रतिकारदोष आहे, दीर्घकाळ जास्त मात्रेत स्टेरॉइड गोळ्या चालू आहेत) त्याच्या फुप्फुसात ॲस्परजिलस खरोखरच वाढू शकते. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार) असलेल्या आणि काही अवघड दम्याच्या मुलांत हीच बुरशी वेगळ्या प्रकारचा ॲलर्जीचा आजार घडवते. अशा मुलाने बुरशीच्या खोलीत झोपायचं नाही, साफसफाईच्या वेळी घरात थांबायचं नाही, आणि त्याच्या डॉक्टरांना हे आजच कळवायचं. पण दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या इनहेलरमधल्या स्टेरॉइडची मात्रा फार कमी असते. या यादीत आपलं मूल येतं असं समजून इनहेलर बंद करू नका.

आता भिंत. मी स्थापत्य अभियंता नाही, पण पालकांकडून इतके फोटो मागवून पाहिलेत की डाग कुठे आहे यावरून काय विचारायचं ते कळू लागलंय. पाणी तीन वाटांनी येतं. पहिली गळती: वरचं स्नानगृह, भिंतीतला पाइप, गच्ची, खिडकीची चौकट. तिचा डाग बहुधा एका जागेपासून पसरतो, कडा पिवळसर-तपकिरी असतात, रंगाचे पोपडे सुटतात, आणि पाऊस पडला किंवा वरच्या घरात पाणी वापरलं की तो गडद होतो. दुसरी, जमिनीतून वर चढणारी ओल: तळमजल्यावर, भिंतीच्या खालच्या मीटरभर पट्ट्यात, सोबत पांढरा लोणा फुटलेला. हा लोणा म्हणजे बुरशी नव्हे, क्षार आहेत. थेंबभर पाणी टाकलं तर विरघळतात, बुरशी विरघळत नाही. तिसरी वाट सगळ्यात फसवी, कारण तिथे काही फुटलेलं नसतं, काही गळत नसतं. खोलीतल्या हवेतलीच वाफ गार भिंतीवर बसते.

या तिसऱ्या वाटेचं गणित समजून घ्या, कारण कपाटामागची बुरशी बऱ्याचदा हिचीच असते. बुरशीला भिंत ओलीचिंब लागत नाही. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली की तिचं भागतं. समजा खोलीत 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता आहे. माणसाला ही हवा दमट वाटतही नाही. पण तीच हवा बाहेरच्या बाजूच्या, 20 अंशांपर्यंत गार झालेल्या भिंतीला टेकली की तिथे आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते. कपाट भिंतीला चिकटून उभं असतं, मागे हवा खेळत नाही, खोलीची ऊब तिथवर पोचत नाही, आणि भिंत गारच राहते. चौघांच्या कुटुंबाच्या श्वासातून, स्वयंपाकातून, आंघोळीतून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. धुतलेले कपडे खोलीत वाळत घातले की एकेका खेपेला आणखी दोनेक लिटर. ते कुठेतरी बसणारच.

कुठली वाट आहे हे घरच्या घरी बघायचं असेल तर भिंत पुसून कोरडी करा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर हवेतली वाफ बसतेय. कागद काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. अगदी शास्त्रशुद्ध नाही, दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणं असतात, पण प्लंबरला बोलवायचं की कपाट हलवायचं एवढं ठरवायला पुरतं. सोबत एक साधा आर्द्रतामापक घ्या. मुलाच्या खोलीत तो 60 टक्क्यांच्या खाली राहायला हवा, 30 ते 50 च्या दरम्यान असेल तर उत्तम.

गळती असेल तर दुरुस्तीला पर्याय नाही. वाफ असेल तर सवयी बदलून बरंच साधतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, पलंग बाहेरच्या भिंतीपासून दूर न्या, कपडे मुलाच्या खोलीत वाळवू नका, आंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना पंखा वाफ थेट बाहेर टाकेल असं बघा. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला मात्र डोळे झाकून पाळू नका. बाहेरची हवा गार आणि कोरडी असेल तेव्हा ती आत येऊन खोली वाळवते. बाहेर पावसाळी, ऊबदार, दमट हवा असेल तर उघड्या खिडकीतून ओलच आत येते. तेव्हा आर्द्रता शोषणारं यंत्र किंवा एअर कंडिशनर जास्त कामाला येतो. आणि खोकला आहे म्हणून मुलाच्या खोलीत रात्रभर वाफेचं यंत्र लावत असाल तर ते आज बंद करा. हे मी फार वेळा बघते: एकीकडे भिंत पुसायची आणि दुसरीकडे रात्रभर खोलीत पाणी फवारायचं.

साफसफाई कधी करायची? पाण्याची वाट बंद झाल्यावर, किंवा निदान त्याच सुमारास. डाग साधारण एक चौरस मीटरच्या आतले असतील तर घरी जमतं. त्याहून मोठे असतील, सांडपाणी शिरलेलं असेल, किंवा गिलावाच भुसभुशीत झाला असेल तर जाणकार माणूस बोलवा. मूल त्या दिवशी दुसऱ्या घरी. एन-95 मास्क, हातमोजे, चष्मा. कोरडा झाडू किंवा ब्रश मारायचा नाही, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने भिंत ओली करून पुसा, फडकी टाकून द्या, मग भिंत पूर्ण वाळवा.

ब्लीचबद्दल सगळे विचारतात. ते डागाचा रंग घालवतं म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण गिलाव्याच्या आत फारसं पोचत नाही. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, त्यामुळे मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. शिवाय त्याच्या वासानेच दम्याच्या मुलाला उबळ येऊ शकते. वापरायचंच ठरवलं तर अमोनिया असलेल्या द्रव्यात, व्हिनेगरमध्ये किंवा कुठल्याही ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतात. गादी, उशा, भरलेली खेळणी, पुठ्ठ्याची खोकी यांत बुरशी खोल गेली असेल तर त्यांचा मोह सोडा. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक वाळवले तर चालतात. यापुढे कधी पाणी सांडलं, शिरलं, तर 24 ते 48 तासांत सगळं वाळवायचं, कारण तेवढ्या वेळात बुरशी धरू लागते.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं का? हेपा फिल्टरचं असेल तर हवेतले बीजाणू पकडतं, दुरुस्ती लांबली तर तात्पुरती मदत होते. भिंतीवरची वाढ ते थांबवत नाही. ओझोन सोडणारं यंत्र मात्र घरात आणू नका, ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बुरशीवर खर्च करण्याआधी ते थांबवा. मुलाच्या छातीला ते बुरशीपेक्षा जास्त त्रास देत असण्याची शक्यता आहे.

वर नुसता रंग मारून मोकळं होणं हा उपाय मात्र नाहीच. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. घरात बुरशी असल्याची तक्रार त्याच्या वडिलांनी 2017 पासून केली होती आणि त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं होतं. घरातल्या बुरशीचा दीर्घकाळ संपर्क झाल्याने जडलेल्या श्वसनाच्या गंभीर आजाराने तो गेला, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने नोव्हेंबर 2022 मध्ये दिला. त्यानंतर तिथे सामाजिक घरांच्या (संस्था किंवा पालिका कमी भाड्याने देतात त्या घरांच्या) मालकांना ओल-बुरशीची तपासणी ठरावीक मुदतीत करायला लावणारा कायदा त्याच्या नावाने आला. अशी टोकाची घटना अगदी विरळा, तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. पण ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून होतं’ असं ऐकवून भाडेकरूला परत पाठवण्याची पद्धत जुनी आहे. तुम्ही भाड्याने राहत असाल तर तारखेसह फोटो काढा, तक्रार लेखी द्या, आणि मुलाच्या निदानाचा कागद सोबत जोडा. मी असे कागद आनंदाने लिहून देते, तुमचे डॉक्टरही देतील.

घर सोडण्याबद्दल: तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत, एका भिंतीच्या डागासाठी, मी घर सोडायला सांगणार नाही. आज रात्रीपासून मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा आणि या खोलीचं दार बंद ठेवा. दुसरी खोली नसेल तर पलंग लांबच्या कोरड्या भिंतीशी न्या. प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल, दर थोड्या दिवसांनी येणारा दम्याचा जोरदार झटका, किंवा दुरुस्ती होणारच नाही असं घर, यांत माझं उत्तर वेगळं असेल. काही पालक मुलाला आठवडाभर नातेवाइकांकडे ठेवून बघतात. खोकला कमी झाला तर तो धागा महत्त्वाचा आहे, पण त्या आठवड्यात शाळा आणि तिथली सर्दीही चुकलेली असते, गादी वेगळी असते, घरचं मांजर जवळ नसतं. एका आठवड्यावरून निकाल लावू नका.

शेवटचं औषधाबद्दल. तपासणीत दम्याकडे कल दिसला तर डॉक्टर बहुधा स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून रोजचा इनहेलर दोन-तीन महिने देऊन बघतील. पाच वर्षांखालच्या मुलाची फुंकर मारण्याची चाचणी नीट होत नाही, त्यामुळे औषधाने फरक पडतो का हीच इथे तपासणी असते. यात एक अडचण आधीच सांगून ठेवते. भिंत आणि इनहेलर एकाच महिन्यात सुरू झाले आणि खोकला थांबला, तर श्रेय कुणाचं हे कळत नाही, आणि बहुतेक घरांत ते भिंतीला देऊन इनहेलर परस्पर बंद होतो. तसं करू नका. दुरुस्तीची आणि औषधाची तारीख, खोकल्याच्या रात्री, एवढं एका कॅलेंडरवर टिपत जा आणि ते घेऊन पुढच्या भेटीला जा. इनहेलर कमी करायची वेळ डॉक्टरांना ठरवू द्या, शक्यतो सर्दीचे दिवस टाळून, आणि कमी केल्यावर निदान महिनाभर तीच टिपणं चालू ठेवा. त्या महिन्यात खोकला उलटला तर औषध परत सुरू करायचंच, पण कपाट पुन्हा एकदा सरकवून मागची भिंतही बघायची.